बादली, बुडबुडे आणि माझी एक चूक : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली तेव्हा जरा राग आला. आज सकाळी परत वाचली तेव्हा कमी आला. आता शनिवारचा दुसरा चहा घेऊन उत्तर लिहायला बसले आहे. ते लांबणार हे दिसतंय, म्हणून प्रतिक्रियेखाली न लिहिता वेगळंच टाकते.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. घरी बीअर करायला सुरुवात करताना काय घ्यावं, यावर मी मागच्या महिन्यात लिहिलं होतं. झाकणाची एक प्लास्टिकची बादली, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न येऊ देणारी छोटी झडप), नळी, थर्मामीटर, निर्जंतुक करायचं द्रावण, बाटल्या आणि दुकानातला माल्टचा (मोड आणलेल्या बार्लीच्या घट्ट पाकाचा) डबा एवढ्यात पहिला घाणा निघतो, बाकीचं नंतर बघू, असा माझा सूर होता. हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजायचं साधन, मी 'जमल्यास घ्या'मध्ये टाकला होता. त्यावर इंग्लंडात वीस वर्षं घरी बीअर करणाऱ्या या वाचकांनी मला चांगलंच धारेवर धरलं. त्यांचं म्हणणं असं : प्लास्टिकची बादली म्हणजे कंजूषपणा, 'पोह्यांच्या कढईत बासुंदी'; काच किंवा स्टीलच हवं. आज ना उद्या धान्यापासून बीअर करायचं विजेवरचं मोठं यंत्र घ्यावंच लागतं, मग दोनदा खर्च कशाला? पाण्याबद्दल लेखात अवाक्षर नाही. 'बुडबुडे थांबले की बाटलीत भरा' असं लिहून मी लोकांच्या हातात बॉम्ब देते आहे. आणि महाराष्ट्रातल्या कुणी वाचून हे केलं तर जबाबदार कोण?

बॉम्बपासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचं शंभर टक्के खरं आहे.

बुडबुडे ही साक्ष दोन्ही बाजूंनी खोटी ठरते. बादलीचं झाकण एका जागी नीट बसलं नसेल तर वायू तिथून निसटतो आणि आत यीस्ट जोरात काम करत असतानाही एअरलॉक ढिम्म. रात्री खोली गारठली की यीस्ट अर्ध्यावर काम टाकून तळाशी जाऊन बसतं, बुडबुडे बंद. उलट काम कधीच संपलेलं असतं, पण दुपारी हीटिंग चालू झालं की बीअरमध्ये विरघळलेला वायू सुटू लागतो आणि एअरलॉक परत बोलायला लागतो. खरं सांगतो तो हायड्रोमीटर. सात-आठ पौंडांची काचेची कांडी. ती 'जमल्यास घ्या'मध्ये टाकणं हा माझा आळस होता.

पाण्याची घनता १.०००, साखर असेल तितका आकडा वर, आणि यीस्ट ती खाईल तसा खाली. आकड्यात सांगायचं तर साध्या बिटरची (इथल्या नेहमीच्या कडसर बीअरची) सुरुवात १.०४४ वर झाली आणि शेवट १.०१० वर झाला, तर फरक ०.०३४. त्याला १३१.२५ ने गुणलं की साडेचार टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. पण नवशिक्याला हायड्रोमीटर हवा तो टक्केवारी मिरवायला नव्हे. समजा बीअर १.०१० ऐवजी १.०१४ वरच अडकली आहे, आणि संपलं समजून तुम्ही बाटल्या भरल्या. बाटलीत फेस यावा म्हणून लिटरला पाच-सहा ग्रॅम साखर आपण मुद्दाम घालतो. त्या राहिलेल्या चार अंकांत लिटरला आणखी आठेक ग्रॅम साखर दडलेली असते. घरात ऊब आली, यीस्ट जागं झालं, की दोन्हींचा वायू एकाच बाटलीत कोंडतो.

हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. दुसऱ्याच वर्षी आई सांगलीहून आली होती, आणि रात्री दोनच्या सुमारास जिन्याखालच्या कपाटात धाड्‌कन आवाज झाला. आईला वाटलं गॅस. ती मला आणि नवऱ्याला दंडाला धरून अंगणात घेऊन गेली, पायात चपला नाहीत. तेवढ्यात दुसरी फुटली. सकाळी कपाट उघडलं तर व्हॅक्यूम क्लीनरच्या जाड कापडी पिशवीत बोटभर काच आरपार घुसलेली. तिथे हात असता तर? एवढं होऊनही लेख लिहिताना 'बुडबुडे थांबले की भरा' हे सोपं वाक्य लिहून मी मोकळी झाले.

तेव्हा मूळ लेखात बदल केला आहे. आता तिथे असं आहे : हायड्रोमीटर आधी साध्या पाण्यात, २० अंश सेल्सिअसला तपासा. १.००० दाखवायला हवा. (माझा १.००२ दाखवतो, म्हणून नमुना घ्यायच्या नळकांड्यावर 'दोन वजा' अशी चिकटपट्टी लावली आहे. नवा घेता येईल, पण जुन्या नोकरासारखी त्याची खोड आता सवयीची झाली आहे.) मग नळकांड्यात बीअर घ्या, कांडी सोडताना दोन बोटांनी गरकन फिरवा म्हणजे अंगाला चिकटलेले बुडबुडे सुटतात, आणि डोळे पातळीला आणून वाचा. कडेला पाणी किंचित वर चढतं, तो आकडा धरू नका. दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा तोच आकडा आला, आणि तो डब्यावर लिहिलेल्याच्या आसपास असला, तरच बाटल्या काढा. घेतलेला नमुना बादलीत परत ओतायचा नाही, पिऊन टाकायचा. कोमट आणि बिनफेसाची बीअर कशी लागते हे कळणं हाही शिक्षणाचाच भाग.

आता बादली. इथे मी हटणार नाही.

अन्नासाठीची बादली, म्हणजे खाली त्रिकोणात २ किंवा ५ लिहिलेलं प्लास्टिक, बीअरला काही करत नाही. तिचा शत्रू एकच, ओरखडा. हिरव्या खरखरीत घासणीने एकदा घासली की त्या रेघांत जे जाऊन बसतं ते कुठल्याही द्रावणाने निघत नाही. म्हणून मऊ फडकं, कोमट पाणी, आणि दोन-तीन वर्षांनी बादली बदलायची. जुनी धुण्याला. पंधरा पौंडांच्या आतबाहेरच्या वस्तूचं हेच सुख आहे. ती टाकताना जीव तुटत नाही, आणि जीव तुटत नाही म्हणून ती वेळेवर टाकली जाते.

माझी खरी तक्रार आहे ती तोटीच्या बादलीबद्दल, आणि त्यावर तुम्ही काहीच लिहिलं नाहीत याचं मला नवल वाटलं. दुकानात सुरुवातीच्या संचात बहुतेक वेळा तोटीचीच देतात. भरायला सोपी. माझ्या ओळीने तीन घाण्यांना ताकासारखी आंबट चव आली. मी यीस्ट बदललं, साखर बदलली, बाटल्या दोनदा धुतल्या. शेवटी आमच्या शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी, त्यांची बीअर बनवण्यात हयात गेली आहे, तोटी हातात घेतली आणि म्हणाले, ही उघडते का? मला माहीतच नव्हतं ती उघडते. गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवली, आतला दांडा दाबला, आणि तो सुटून बाहेर आला. त्याच्या गळ्याशी तपकिरी, बुळबुळीत कडं. साय धरावी तसं. वास जुन्या पडद्याचा. दर वेळी मी बादली चकचकीत करत होते आणि दर वेळी बीअर त्या कड्यावरून वाहत बाटलीत जात होती.

आमच्या घरी लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातला तर आजी दिवसभर बोलायची नाही. बीअरची निम्मी विद्या तेवढीच आहे. जिथे हात पोचत नाही अशी जागा भांड्यात असता कामा नये. म्हणून मी म्हणते, साधी बादली आणि नळी. नळी आरपार दिसते, मळली की फेकता येते. तोटीची घेतलीच, तर दर घाण्याला तोटी सुटी करा.

निर्जंतुकीकरणाचंही याच ओघात. धुणं वेगळं आणि निर्जंतुक करणं वेगळं, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. मळ असेल तिथे द्रावण काम करत नाही. आधी धुवा, मग फॉस्फोरिक आम्लाचं न धुवावं लागणारं द्रावण वापरा. त्याचा फेस बादलीत राहिला तर राहू दे. ब्लीच स्वस्त पडतं हे मान्य, पण ते नीट निघालं नाही तर बीअरला जखमेवर लावायच्या औषधाचा वास येतो, आणि तो कधीही जात नाही.

काच : तेवीस लिटरचं भरलेलं काचेचं भांडं ओल्या हातांनी उचलायला मी कुणाला सांगणार नाही. वाइनसाठी साडेचार लिटरचा काचेचा बुधला ठीक. स्टील उत्तम आहे, हे मान्य. पण पहिल्या दिवशी नको.

यंत्राबद्दल तुमचा मुद्दा असा, की जो टिकणार तो शेवटी विजेचा मोठा हंडा घेणारच. टिकणार हे त्याला आधी कसं कळावं? तीनेकशे पौंडांचं यंत्र घेतलेला माणूस टिकला नाही तर ते यंत्र गॅरेजमध्ये ट्रेडमिलशेजारी जाऊन उभं राहतं. शिवाय अख्ख्या धान्यापासून करायचं तर पाच-सहा तास जातात. डब्याचा घाणा संध्याकाळी दोन तासांत लागतो. आणि त्या यंत्रात एक तास उकळी द्यायची म्हणजे तीनेक लिटर पाण्याची वाफ स्वयंपाकघरात. जानेवारीत, बंद खिडक्यांत. इथल्या जुन्या घरांच्या भिंतींना बुरशी यायला एवढं निमित्त पुरतं. इथल्या प्लगचा फ्यूज १३ अँपिअरचा, म्हणजे तीन हजार वॅटच्या पलीकडे जाता येत नाही, तेव्हा तेवीस लिटरला उकळी यायलाही वेळ लागतो.

पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. ते यंत्र एका दिवसाचं काम करतं. बीअर होते ती पुढच्या दोन आठवड्यांत, आणि तेव्हा ते धुऊन पुसून फळीवर असतं. त्या चौदा दिवसांत बीअरला हवी असते स्थिर ऊब. एल म्हणजे ऊबेत आंबणारी बीअर, तिच्या नेहमीच्या यीस्टला १८ ते २० अंश. यीस्ट काम करताना स्वतः उष्णता सोडतं, त्यामुळे ऐन भरात बादलीच्या आतलं तापमान खोलीपेक्षा तीन-चार अंशांनी वर असू शकतं. खोली २२ ला ठेवली तर आत पंचविशी उलटते, मग बीअरला थिनरसारखा उग्र वास आणि दुसऱ्या दिवशी डोकं जड. विरजण लावताना दूध बोटाला कसं हवं हे ज्यांना कळतं त्यांना ही गोष्ट समजवावी लागत नाही.

म्हणून तीनशे पौंड असतीलच, तर कुणाचा तरी जुना फ्रिज आणा, त्याला तापमानाचा कंट्रोलर आणि आत छोटा हीटर लावा. पैसे उरतील. नसतील, तर पाण्याच्या टबात बादली ठेवा आणि तिला ओला टी-शर्ट गुंडाळा. आम्ही तीन उन्हाळे तसेच काढले. (सगळ्यांना पहिल्याच खेपेला लागर हवी असते, कारण भारतात आपण तीच प्यायलो. खऱ्या लागरला १० ते १२ अंश लागतात, फ्रिजशिवाय नाद नको. अनेक डब्यांवर 'लागर' लिहिलेलं असतं आणि आत पुडी एल यीस्टची निघते, ही गंमत वेगळी.)

पाण्याबद्दल. डब्यातल्या माल्टच्या अर्कात कारखान्याच्या पाण्यातले क्षार आधीच आलेले असतात. त्यामुळे नवशिक्याने फक्त नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवावं, त्याला कॅम्पडेनची (सल्फाइटची) अर्धी गोळी पुरते. ही ओळ लेखात हवी होती, आता टाकली. जिप्समचे (पाण्यात घालायच्या एका क्षाराचे) हिशोब धान्यावर आल्यानंतर. आम्ही डर्बीत राहतो, बर्टन हे बीअरचं जुनं गाव इथून हाकेच्या अंतरावर. तिथल्या विहिरींच्या जिप्समवाल्या पाण्याने तिथली पेल एल जगभर गाजली, त्यामुळे हा विषय निघाला की आमचे शेजारी थांबत नाहीत. त्यावर वेगळं लिहीन.

कायद्याचंही तुमचं बरोबर. मी लिहिते ती इथल्या, ब्रिटनमधल्या घरासाठी. इथे १९६३ च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी घरच्या बीअरवरचा परवाना काढून टाकला. तेव्हापासून स्वतःपुरती करायला मोकळीक आहे, विकायला नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे, मग ते तेवीस लिटर असो की दोन. पुण्या-मुंबईच्या ज्यांनी इथवर वाचलं त्यांनी वाचनाचा आनंद घ्यावा आणि प्यायला मायक्रोब्रुअरीत जावं. ही सूचना लेखात सर्वांत वर टाकली आहे.

'पोह्यांच्या कढईत बासुंदी' हे वाक्य मात्र तुम्ही परत घ्या. आमच्याकडे बासुंदी पोह्यांच्याच कढईत होते, आणि खाली लागत नाही.

जाता जाता एक मदत हवी आहे. पार्टीनंतर कुणीतरी मला जाड काचेच्या, तपकिरी, पाऊण लिटरच्या चाळीस बेल्जियन बाटल्या दिल्या आहेत. तोंड २९ मिलिमीटरचं, आणि माझं दोन दांड्यांचं झाकणं दाबायचं यंत्र नेहमीच्या २६ ला बसतं. तुम्ही वीस वर्षांत २९ ची वाटी लावून हेच यंत्र वापरलं आहे का? की दाबताना बाटलीचा गळा तुटतो?