आधी फळी उडू द्या, आयर्विन पूल नंतर बांधा

सांगली-मिरजेकडची कॉलेजची पोरं आता युनिटी, अनरिअल ही गेम बनवायची इंजिनं शिकतायत ही फार चांगली गोष्ट आहे. पण स्केटबोर्डिंगचा गेम करायचा म्हटलं की पहिल्याच आठवड्यात आयर्विन पुलाचं मॉडेल करायला बसायचं, कमानी काढायच्या, कठडे काढायचे, खाली कृष्णेचं पाणी हलवायचं, हा क्रम उलटा आहे. पूल देखणा होतो आणि त्यावर बोर्ड साबणाच्या वडीसारखा घसरतो. पोस्ट लांब आहे. ज्यांना खरंच असा गेम करायचाय त्यांनी वही घेऊन वाचा.

या खेळांतही गाण्यासारखी घराणी आहेत. मिरजेच्या शेजारी राहणाऱ्यांना घराणं म्हणजे काय हे सांगायला नको. एक घराणं 'टोनी हॉक्स प्रो स्केटर'चं, १९९९ चं, नेव्हरसॉफ्टनं केलेलं. बटण दाबलं की ठरलेली ट्रिक, ट्रिकला जोडून ट्रिक, आणि गुणांचा डोंगर. दुसरं घराणं २००७ च्या 'स्केट'चं. ईए ब्लॅक बॉक्सनं बटणं बाजूला ठेवली आणि कंट्रोलरची उजवी स्टिक खाली ओढून वर झटकली की ऑली (बोर्डासकट उडी), तिरकी झटकली की फ्लिप (हवेत बोर्ड फिरवणं), असं केलं. हाताच्या झटक्याला पहिल्यांदा किंमत आली. २०१० च्या 'स्केट ३' नंतर ती मालिका बरीच वर्षं थांबली, आणि त्या रिकाम्या जागेत छोट्या टीम उतरल्या. ईझी डे स्टुडिओजचा 'स्केटर एक्सएल' २०१८ च्या डिसेंबरात अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे अपुरा असतानाच विक्रीला, आला आणि जुलै २०२० मध्ये पूर्ण झाला. मॉन्ट्रियलच्या क्रिएचर स्टुडिओजनं 'सेशन'साठी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणीनं पैसे उभे केले, २०१९ मध्ये अर्ली अ‍ॅक्सेस दिला, आणि पूर्ण खेळ सप्टेंबर २०२२ मध्ये. या दोन्हीत डावी स्टिक म्हणजे एक पाय, उजवी स्टिक म्हणजे दुसरा पाय. 'सेशन'मध्ये तर वळायलाही स्टिक नाही, कंट्रोलरच्या मागचे ट्रिगर दाबून वळायचं, कारण दोन्ही स्टिक पायांना देऊन झाल्या. मला हेच घराणं खरं वाटतं.

किकस्टार्टरपासून पूर्ण खेळापर्यंत पाच वर्षं, आणि तीही हा खेळ स्वतः खेळणाऱ्या माणसांना. आठ महिन्यांच्या कॉलेज प्रोजेक्टमध्ये काय बसवायचं हे यावरून ठरवा. माझ्या मते एक करडी फरशी, एक बोर्ड, एक लोखंडी पाइप आणि तीन ट्रिक. एवढं नीट झालं तर ते अख्ख्या शहराच्या मॉडेलपेक्षा मोठं काम आहे.

आता बोर्ड. आपल्याकडे ज्यांनी विटी-दांडू खेळलाय त्यांना ऑली अर्धी समजलेली असते. विटीच्या टोकावर दांडू बसला की विटी दुसऱ्या टोकानं उसळून वर येते. बोर्डाची शेपूट जमिनीवर आपटली की नाक तसंच वर येतं. फरक पुढं आहे. पुढचा पाय फळीवरच्या खरखरीत ग्रिप टेपवर घासत नाकाकडं सरकतो आणि वर आलेली फळी हवेत आडवी करतो. म्हणजे गेममध्ये दोन वेगळ्या क्रिया हव्यात, टोला आणि घासणं. नुसता वर जाण्याचा वेग दिला तर बोर्ड लिफ्टसारखा सरळ वर जातो आणि बघणाऱ्याला लगेच खोटं वाटतं.

मापं खरी घ्या. फळी साधारण ८० सेंटीमीटर लांब, २१ सेंटीमीटर रुंद. ट्रक (फळीखालचे चाकं धरणारे धातूचे भाग) आणि चाकांसकट वजन सव्वादोन-अडीच किलो. चाकांचा व्यास ५२ ते ५४ मिलिमीटर. पुढच्या आणि मागच्या ट्रकच्या आतल्या बोल्टांमधलं अंतर ३६ सेंटीमीटर. बेअरिंग ६०८ नंबरचं, आतून ८, बाहेरून २२, जाडी ७ मिलिमीटर. ४० सेंटीमीटर उंच ऑली मारायची तर जमीन सोडताना सेकंदाला २.८ मीटर वेग लागतो आणि हवेत मिळतात ०.५७ सेकंद. त्यात टोला आणि उतरणं वजा केलं तर किकफ्लिपला, म्हणजे लांबीच्या अक्षाभोवती पूर्ण एका फेरीला, ०.४ सेकंद उरतात. सेकंदाला ९०० अंश. रेडियनमध्ये १५.७.

इथं युनिटीवाले हमखास अडकतात. युनिटीत रिजिडबॉडीच्या (भौतिकीच्या नियमांनी हलणाऱ्या वस्तूच्या) फिरण्याच्या वेगाला मूळ मर्यादा सेकंदाला ७ रेडियन आहे. तुम्ही कितीही टॉर्क (फिरवणारं बळ) लावा, बोर्ड त्यापुढं फिरत नाही. एका फ्लिपला ०.९ सेकंद लागतात, बोर्ड अर्धा फिरून चाकं वर करून पडतो, आणि पोरं आठवडाभर टॉर्कचा आकडा वाढवत बसतात. मॅक्स अँग्युलर व्हेलॉसिटी ३० किंवा ५० करा, प्रश्न संपला. त्याच वेळी फिक्स्ड टाइमस्टेपही, म्हणजे हालचालीच्या हिशोबाची एक पायरी, बदला. तो मुळात ०.०२ सेकंद असतो, म्हणजे सेकंदाला ५० पायऱ्या. ९०० अंशांच्या वेगानं फिरणारी फळी एका पायरीत १८ अंश सरकते, आणि सेकंदाला ६ मीटर वेगानं जाणारा बोर्ड एका पायरीत १२ सेंटीमीटर उडी घेतो. तुमचा पाइप ५ सेंटीमीटरचा. बोर्ड पाइपच्या आरपार जाणार नाही तर काय होणार? पायरी सेकंदाच्या १२० व्या भागावर आणा, कोलिजन कंटिन्युअस करा, म्हणजे दोन पायऱ्यांमधली टक्करही धरली जाते.

दुसरी अडचण तिन्ही अक्षांची. फळी लांबीच्या अक्षाभोवती फिरवायला सोपी आणि भोवऱ्यासारखी फिरवायला जड. लांबी-रुंदीच्या गुणोत्तराचा वर्ग घेतला तर फरक जवळपास १५ पटींचा येतो. हवेत बोर्ड सावरायला आपण स्प्रिंग आणि डॅम्पर (हेलकावे शमवणारा) लावतो. तिन्ही अक्षांना एकच आकडा लावला की आडवं फिरणं सुस्त राहतं आणि लांबीच्या अक्षावर फळी थरथरायला लागते, कधीकधी थेट आकाशात फेकली जाते. प्रत्येक अक्षाचा आकडा त्याच्या जडत्वाला गुणून घ्या. डॅम्पिंग म्हणजे स्प्रिंग आणि जडत्व यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाची दुप्पट. इथून सुरुवात केली तर ठोकताळ्यानं चाचपडावं लागत नाही.

स्केटर ६० किलोचा, बोर्ड सव्वादोन किलोचा. या दोघांना जॉइंटनं जोडू नका. वजनात दहापटीपेक्षा जास्त फरक असलेल्या वस्तू जोडल्या की सॉल्व्हर, म्हणजे इंजिनातलं हे जोड सांभाळणारं गणित, डळमळतो आणि इथं फरक २५ पटींच्या वर आहे. स्केटर हा बोर्डाच्या वर चालणारा एक वजनाचा बिंदू समजा, शरीर त्यावर आयकेनं (पाय ठेवले की गुडघे-कंबर आपोआप जुळवणाऱ्या पद्धतीनं) बसवा, आणि पायांच्या कॉलायडरची (टक्कर ओळखणाऱ्या आकाराची) बोर्डाशी टक्कर लेयरमधून बंद करा. ते विसरलं की स्वतःच्याच बुटांनी बोर्ड लाथाडला जातो.

चाकांसाठी युनिटीचा व्हील कॉलायडर वापरायचा मोह होतो. तो गाडीसाठी आहे. २६ मिलिमीटर त्रिज्येच्या चाकाला चार स्फिअरकास्ट (अदृश्य गोळा सरकवून जमीन शोधणं) पुरतात. पुढं-मागं घर्षण जवळजवळ नाही, आडवं घर्षण भरपूर. आणि वळणं मात्र ट्रकच्या भूमितीतून येऊ द्या, कोनातून थेट फिरवू नका. फळी कलली की दोन्ही ट्रक उलट दिशांना वळतात. ट्रकच्या फिरण्याचा अक्ष ४५ अंश धरला आणि फळी ५ अंश कलली तर वळणाची त्रिज्या साधारण अडीच मीटर येते, १० अंशांना सव्वा मीटर. बुशिंग (ट्रकमधला रबरासारखा तुकडा) कडक-सैल करणं म्हणजे ठरावीक वजनाला फळी किती अंश कलते एवढंच. हा एक आकडा खेळाडूच्या हातात दिलात तर खेळाचा स्वभाव बदलतो.

इनपुटबद्दल थोडक्यात. अंगठ्याचा झटका दशांश सेकंदात संपतो. खेळ ३० फ्रेमवर चालत असेल तर त्या झटक्याचे जेमतेम तीन नमुने हाती येतात, त्यातून दिशा आणि जोर दोन्ही कळत नाहीत. ६० च्या खाली जाऊ नका. भलेमोठे टेक्स्चर आणि खरं दिसणारं पाणी टाकायचा हट्ट सोडा असं मी म्हणतो ते यासाठीच. बटण फिक्स्ड अपडेटमध्ये, म्हणजे टाइमस्टेपच्या दर पायरीला चालणाऱ्या कोडात, वाचलं की कधी दाबलेलं सुटतं, कधी दोनदा धरलं जातं. दर फ्रेमला चालणाऱ्या अपडेटमध्ये वाचा, साठवा, मग फिक्स्ड अपडेटमध्ये वापरा. स्वस्तातल्या कंट्रोलरची स्टिक काही महिन्यांत आपोआप सरकायला लागते, त्यामुळं मधला मृत भाग (जिथली हालचाल धरायचीच नाही) ०.१५ च्या आसपास ठेवा आणि सेटिंगमध्ये बदलू द्या. कीबोर्डवर हे घराणं चालत नाही. कळ एक तर दाबलेली असते नाही तर सुटलेली, पायाला अर्धवट दाबता आलं पाहिजे. ज्यांच्याकडं फक्त फोन आहे त्यांनी 'ट्रू स्केट' बघा. मेलबर्नच्या ट्रू अ‍ॅक्सिसनं २०१२ मध्ये केला. दोन बोटं म्हणजे दोन पाय. फोनवर याहून प्रामाणिक काम मी पाहिलेलं नाही.

आता जमिनीकडं वळू, कारण आपल्याकडं गेम करणाऱ्यानं काही नवं द्यायचं असेल तर ते इथं आहे. परदेशी खेळांत गुळगुळीत संगमरवर आणि काँक्रीट असतं. आपल्याकडं पेव्हर ब्लॉक, शहाबादी, ट्रिमिक्सचा सांधे असलेला काँक्रीट रस्ता, त्यावरचे चेंबर आणि सगळीकडं बारीक खडी. तो खडा गेममध्ये आलाच पाहिजे. २६ मिलिमीटर त्रिज्येच्या चाकासमोर १० मिलिमीटरचा खडा आला तर चाक वर चढायला त्या चाकावरच्या भाराच्या सव्वापट आडवं बळ लागतं. सायकलच्या चाकाला तेच पाव पट पुरतं. म्हणून सायकल खड्यावरून जाते आणि बोर्ड जागच्या जागी थांबतो, वरचा माणूस पुढं जातो. लहानपणी बेअरिंगची गाडी उतारावरून सोडलेल्या प्रत्येकाला हे गुडघ्यानं माहीत आहे. गेममध्ये खडे मॉडेल करायची गरज नाही. पृष्ठभागाला एक नकाशा द्या, त्यात खडीची दाटी ठेवा, आणि तिथं वेगानुसार चाक अडकण्याची शक्यता वाढवा. खेळाडूला ती जागा दिसली मात्र पाहिजे, नाही तर तो अन्याय वाटतो.

आणि आवाज. डोळे मिटून ऐकलं तर बोर्ड कोणत्या जमिनीवर आहे आणि किती वेगात आहे हे कळलं पाहिजे. ट्रिमिक्सच्या सांध्यावरून जाताना आधी पुढची चाकं वाजतात, मग मागची. टक, टक. दोन्हींच्या आसांत अंतर आतल्या बोल्टांपेक्षा जास्त, साधारण ४३ सेंटीमीटर. सेकंदाला ३ मीटर वेग असेल तर दोन ठोक्यांत ०.१४ सेकंद, ६ मीटर असेल तर ०.०७. पेव्हर ब्लॉकवर २० सेंटीमीटरला एक सांधा धरला तर ३ मीटरच्या वेगाला प्रत्येक ट्रक सेकंदाला १५ वेळा वाजतो आणि त्याची खरखर होते. एकच रेकॉर्ड केलेला खरखराट कमी-जास्त वेगानं वाजवू नका. प्रत्येक ठोका सांध्याच्या जागेवरून सोडा. आवाज रेकॉर्ड करायला विश्रामबागेत पहाटे पाचला जा, साडेसहानंतर दुधाच्या गाड्या आणि हॉर्न येतात.

ग्राइंडसाठी, म्हणजे बोर्ड पाइपावर घासत नेण्यासाठी, पाइपावर एक रेषा टाकून बोर्ड तिला चिकटवणं सोपं पडतं. चिकटण्याचं अंतर मोठं ठेवलं तर पाइप लोहचुंबक होतो, बोर्ड अर्ध्या मीटरवरून ओढला जातो, आणि मग खेळणाऱ्याला स्वतः काही केल्याचं समाधान उरत नाही. नवख्याला ८-१० सेंटीमीटर द्या आणि पुढं ते शून्यावर नेण्याची सोय ठेवा.

एवढं सगळं जमल्यावर मग सांगली आणा. पण आयर्विन पुलाच्या आधी कृष्णेचा घाट मोजा, टेप घेऊन. पायरीची उंची, रुंदी, आणि मुख्य म्हणजे सलग सपाट टप्पा किती. १८ सेंटीमीटर उंच, ३० सेंटीमीटर रुंद अशा सहा पायऱ्या ४० सेंटीमीटरच्या ऑलीनं घ्यायच्या तर हवेत ०.८३ सेकंद मिळतात. सेकंदाला ४ मीटर वेगानं सव्वातीन मीटर पार होतात, अडीच मीटर वेगानं जेमतेम दोन, म्हणजे चाकं शेवटच्या पायरीच्या अगदी काठाशी. आपल्या जुन्या घाटांना पायऱ्या सलग असतात, वर धाव घ्यायला गुळगुळीत आठ-दहा मीटर नसतात, खाली उतरायला जागा नसते. जसाच्या तसा घाट खेळण्यासारखा होत नाही. टप्पे वाढवावे लागतात, आणि हे बदल करताना दगडाचा रंग, पायरीच्या कडेची झीज, पूर ओसरल्यावर खालच्या पायऱ्यांवर राहणारा गाळ, एवढं तरी ठेवा. त्या गाळावर चाकांचं आडवं घर्षण निम्म्यावर आणा, बोर्ड कसा वागतो बघा. देवळाच्या पायऱ्या आणि ओटे मात्र खेळाच्या बाहेर ठेवा. तिथं बोर्ड घासलेला आपल्या माणसांना रुचणार नाही, आणि मलाही रुचणार नाही.

स्वतःचं इंजिन जुळवायला वेळ नसेल तर 'स्केटर एक्सएल'साठी लोक स्वतःचे नकाशे युनिटीत करतात, तिथं घाट करून बघा. कोणतं युनिटी व्हर्जन लागतं ते आधी तपासा, चुकीच्या व्हर्जनमध्ये केलेला नकाशा उघडत नाही आणि मटेरियल गुलाबी दिसतात. पायऱ्यांना मेशचा (त्रिकोणांच्या जाळीचा) गुंतागुंतीचा कॉलायडर लावू नका, प्रत्येक पायरीला साधा बॉक्स लावा. दोन त्रिकोणांच्या सांध्यावर चाक विनाकारण अडकतं ते बॉक्सनं बरंच कमी होतं. एक युनिट म्हणजे एक मीटर हे धरूनच मॉडेल निर्यात करा. ब्लेंडरमधून स्केल चुकून आली तर घाट काडेपेटीएवढा होतो किंवा अजिंक्यताऱ्याएवढा.

ज्यांनी करडी फरशी आणि एक फळी एवढं केलंय त्यांनी कमेंटमध्ये व्हिडिओ टाका. स्केटर नको, इमारती नकोत. फक्त बोर्ड, आवाज चालू ठेवून, आणि कोपऱ्यात वेग, टाइमस्टेप आणि फ्रेम रेट दिसू द्या.