‘नो-क्लीन’ फ्लक्सबद्दलचा तो मजकूर चुकीचा आहे

मोबाइल-टीव्ही दुरुस्ती शिकणाऱ्या मुलांकडून गेल्या काही महिन्यांत एकच मजकूर मला पुन्हा पुन्हा आला. फ्लक्स म्हणजे सोल्डर धातूला नीट धरावं म्हणून लावतात ते रसायन, आणि नो-क्लीन म्हणजे नंतर धुवावं लागू नये असा. मजकुराचा सारांश असा: ‘नो-क्लीन फ्लक्स वापरलात तर बोर्ड साफ करायची गरजच नाही. राहिलेला थर फक्त दिसायला वाईट. पुसायचाच असेल तर सॅनिटायझर किंवा थिनर ब्रशने फिरवा, वाळलं की काम झालं. पाणी मात्र कधीच लावू नका, बोर्ड मेलाच समजा.’ हे वाचून शिकणारी मुलं उद्या दुकानात बसणार आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘नो-क्लीन असेल तर गरज नाही.’ हा फ्लक्स कारखान्यांसाठी घडला. पूर्वी बोर्ड धुवायला सीएफसी-११३ हे द्रावण सर्रास वापरत. ओझोनचा थर वाचवण्यासाठी १९८७ साली माँट्रियल करार झाला, सीएफसी बंद होत गेले, आणि धुवावाच लागणार नाही अशा फ्लक्सची मागणी वाढली. कारखान्यात तो मोजून लावतात आणि अख्खा बोर्ड भट्टीतून ठरलेल्या तापमानाने जातो. त्या उष्णतेत फ्लक्समधली अ‍ॅडिपिक, सक्सिनिक यांसारखी आम्लं बरीचशी उडून जातात किंवा निकामी होतात, उरलेली राळेच्या कडक थरात अडकून पडतात. असा बोर्ड कुणी हात न लावलेला असेल तर त्याला खरंच पुसू नये, एवढं त्या मजकुराचं बरोबर आहे.

आपल्या टेबलावर काय होतं? सिरिंजमधून जेल फ्लक्स भरपूर सोडतो आणि सोल्डरिंग आयर्नचं टोक एका पिनेला लावतो. पिनेजवळचा फ्लक्स नीट तापतो. बाकीचा पातळ होऊन शेजारच्या आयसीखाली सरकतो आणि अर्धवट तापून तिथेच राहतो. त्यातली आम्लं शाबूत असतात. बोटाला चिकट लागणारा नो-क्लीन फ्लक्स पुसायलाच हवा.

‘थर फक्त दिसायला वाईट.’ हवेतला ओलावा, फ्लक्समधले क्षार आणि दोन पॅडमधलं (पिना सोल्डर करतात त्या धातूच्या ठिपक्यांमधलं) व्होल्टेज ही तिन्ही एकत्र आली की धनाकडच्या पॅडचा धातू विरघळतो, ऋणाकडे जाऊन साचतो, आणि तिथून नेच्याच्या पानासारखी बारीक फांदी धनाच्या दिशेने वाढते. ती पोचली की शॉर्ट. उन्हाळ्यात नीट चालून दिलेला बोर्ड कोकणातल्या जुलैत परत येतो, तेव्हा मी आधी भिंगाखाली हेच शोधतो. शॉर्ट झाला नाही तरी गळती होतेच. १० मेगाओहमच्या रेझिस्टरला १०० मेगाओहमची गळती समांतर आली तर किंमत सुमारे ९ टक्के घसरते. पीएच मीटरसारख्या उपकरणात एवढ्यानेही वाचन वाया जातं.

डबीतल्या स्वस्त सोल्डरिंग पेस्टचं तर वेगळंच. अशा पेस्टमध्ये बऱ्याचदा झिंक क्लोराइड आणि नवसागर असतो. कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर टाकायचा तोच नवसागर. तांब्यावरचा ऑक्साइड तो झटक्यात काढतो, पण बोर्डावर राहिला तर तांब्याचा ट्रॅक हिरवा पडून खाल्ला जातो. तो पत्र्यासाठी ठेवा, बोर्डाजवळ आणू नका.

‘सॅनिटायझर चालतो.’ जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रातल्या सॅनिटायझरमध्ये १.४५ टक्के ग्लिसरॉल असतं, हाताची कातडी कोरडी पडू नये म्हणून. ते उडून जात नाही, उलट हवेतला ओलावा ओढतं. थिनरमध्ये टोल्युइन, अ‍ॅसिटोन असं काही असतं, आणि ते कनेक्टरचं प्लास्टिक मऊ करतं. आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, घ्या, ९९ टक्क्यांचा.

‘वाळलं की काम झालं.’ मला सगळ्यात घातक वाटतं ते हे वाक्य. वाळतं ते अल्कोहोल, फ्लक्स जागच्या जागीच असतो. ब्रशने तो पातळ होऊन आणखी चार पिनांखाली जातो, आणि आम्लांना अडकवून ठेवणारा राळेचा थर मात्र फुटलेला असतो. वाळल्यावर दिसणारी पांढरी भुकटी त्याचीच खूण. न पुसलेल्या बोर्डापेक्षा हा अर्धवट पुसलेला बोर्ड पुष्कळदा जास्त धोक्याचा.

म्हणून फ्लक्स उचलून बोर्डाबाहेर काढायचा. आधी बॅटरी काढा. आयपीए सढळ हाताने घालून मऊ अँटिस्टॅटिक ब्रशने घोळवा. वर धागे न सुटणारं कापड पसरून, ब्रशने दाबून ते द्रव शोषून घ्या. मग बोर्ड तिरका धरून वरून ताजा आयपीए सोडा, खालच्या कडेला कापड. कापडावर पिवळेपणा उमटत असेल तर पुन्हा करा. आयपीएची वाफ १२ अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते, तेव्हा आयर्न आणि हॉट एअर बंद, खिडकी उघडी.

शिवाय शुद्ध आयपीए राळ छान विरघळवतो, क्षार तितकेसे नाही. क्षारांना पाणी लागतं. बोर्डाची स्वच्छता मोजण्याच्या जुन्या चाचणीतही ७५ टक्के आयपीए आणि २५ टक्के पाणी असंच मिश्रण घेतात.

त्यामुळे ‘पाणी लावू नका’ हेही टिकत नाही. पाण्यात विरघळणारा फ्लक्स तर पाण्यानेच धुवावा लागतो, आणि कारखाने त्यासाठी क्षार काढलेलं पाणी वापरतात. नव्या बझरच्या तोंडावर अनेकदा एक छोटा स्टिकर असतो, ‘धुतल्यानंतर काढा’ असं इंग्रजीत छापलेला. बोर्ड धुतला जाणार, हे बझर बनवणाऱ्याने धरूनच ठेवलेलं असतं. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार मागे राहतात. माइक, उघडे रिले, पोटेन्शिओमीटर यांच्यापासून पाणी लांब ठेवा. धुतल्यावर बोर्ड ६० अंशांच्या आसपास गरम हवेत आयसीखालपर्यंत वाळू द्या, आणि तोवर त्याला सप्लाय जोडू नका.