सगळ्या बँकेला ऐकू आलं, मला सोडून

आज एफडी मोडायला बँकेत गेले आणि भर रांगेत स्वतःचा पंचनामा करून घेऊन आले.

काउंटरला काच, काचेला मुठीएवढं भोक, पलीकडे मास्क लावलेली मुलगी. ओठ वाचायची सोयच नाही. मी कानाकडे बोट दाखवलं, वही-पेन आत सरकवलं, म्हटलं लिहून द्या. तिनं वही बाजूला ठेवली आणि आवाज चढवला. "आजीऽऽ!" मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. कान गेले की बाई आपोआप आजी होते, आणि आजी झाली की अक्कलही गेली असं धरून चालतात.

ती काय ओरडली ते मला मागच्या गृहस्थांनी सांगितलं. रक्कम किती, मुदत कधी संपते, मोडताय कशासाठी, ऑपरेशन कुणाचं, सगळं. वर "आत्ता मोडलीत तर व्याज बुडेल हो" हा सल्ला फुकट. म्हणजे माझ्या पैशांची माहिती सगळ्या बँकेला ऐकू आली, मला सोडून.

अहो, ओरडून शब्द कळत नाहीत! स्वर तेवढे अंगावर येतात. स, श, फ होते तिथेच विरतात. 'फॉर्म' आणि 'ऑर्म' मला सारखेच. कायद्यानं ऐकण्यात ६० ते ७० डेसिबलची घट म्हणजे श्रवणदोष, माझी ६५. दिव्यांगत्वाचं कार्ड दाखवलं तर म्हणे याची झेरॉक्स आणा. कशाला? माझे कान फायलीला लावणार आहात?

मग ओटीपी. माझा आवाज किती चढतो ते मला कळत नाही, हे मान्य. ते सहा आकडे मी पर्वतीवरून हाक मारावी तसे वाचून दाखवले. डोक्यावर पाटी: ओटीपी कोणालाही सांगू नका.

आणि हेल्पलाइन! बँकेचं कार्ड बंद करायचं तर फोन करा. ज्याला ऐकू येत नाही त्यानं फोन करा. तिकडून "खातेदारांनाच द्या" म्हणतात, म्हणून गेली चार वर्षं माझा भाचा आवाज बारीक करून 'मी' बनतो. माझी जन्मतारीख, आईचं माहेरचं आडनाव, शिल्लक, सगळं त्याला पाठ. मुलगा गुणी आहे, पण दिवाळीला साडी काय दराची घेतली हेसुद्धा त्याला माहीत असावं? व्हिडिओ केवायसीत, म्हणजे व्हिडिओ कॉलवर ओळख पटवून देताना, तर पलीकडचा माणूस दोनदा काहीतरी पुटपुटला आणि बंद करून मोकळा.

मागे एका दवाखान्यात कान तपासायला गेले होते. बाहेर तासभर बसले. नाव पुकारत होते. कानाच्या खोलीबाहेर. नाव. पुकारत होते.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. ३० एप्रिल २०२५ ला त्याच न्यायालयानं सरकारला आणि रिझर्व्ह बँकेला बजावलं, केवायसी दिव्यांगांना जमेल अशी करा. अख्ख्या राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय आमच्याच पुण्यात. आणि काउंटरवर एक कोरा कागद ठेवायला कुणाचं काय जातं? सांकेतिक भाषेचा दुभाषी मागत नाहीये मी, मला ती येतही नाही. पाच रुपयांचं पेन मागतेय. (आणि "काय म्हणालात?" विचारलं की "जाऊ दे, काही विशेष नाही" म्हणून हात झटकणाऱ्यांनी या जन्मी माझ्याशी बोलू नये.)

शेवटी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि हे सगळं ऐकवलं. अगदी शांतपणे, असा माझा समज. बाहेरची रांग काचेला नाक लावून बघत होती, तेव्हा थोडी शंका आली.

साहेब उठले, टेबलावरचा कागद ओढला, काहीतरी लिहिलं आणि माझ्यापुढे सरकवलं. सकाळपासून मला कुणी लिहून दिलेली पहिली गोष्ट. चष्मा लावून वाचली.

"मॅडम, जरा हळू बोला. सगळ्यांना ऐकू जातंय."