पेशंट जागा असतो

ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जन मंडळी ओरडतात, हत्यारं आपटतात, प्रसंगी ज्युनियरच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात, असं ऐकून आहे. त्यांचं काय जातं? टेबलावरचा माणूस भूल देऊन झोपवलेला. आम्हा दातांच्या डॉक्टरांच्या नशिबी ही चैन नाही. आमचा पेशंट जागा असतो. नुसता जागा नव्हे, सावध असतो. तोंड उघडं ठेवावं लागल्याने बोलता येत नाही, त्याची भरपाई तो ऐकून करतो. २ टक्के लिग्नोकेन दिलं की खालचा अर्धा जबडा, जीभ, ओठ सगळं बधिर होतं. कान मात्र शाबूत राहतात. आणि माझ्या दवाखान्याचा सगळा कारभार, म्हणजे हजेरी, रजा, पगारवाढ, शिस्त आणि कानउघाडणी, त्या दोन कानांच्या वर वीतभर अंतरावर चालतो.

साताऱ्यात पोवई नाक्यापासून चालत येता येईल अशा जागी, दोन गाळे एकत्र करून केलेला हा दवाखाना. एक खुर्ची, एक एक्स-रे मशीन, संडासाच्या माळ्यावर धडधडणारा एक कॉम्प्रेसर आणि माझ्याखेरीज तीन माणसं. रिसेप्शनवर ताई, खुर्चीशेजारी दादा, आणि झाडण्यापुसण्यापासून पेशंटचा हात धरण्यापर्यंत सगळीकडे मावशी. वयाने ताई आणि दादा माझ्याहून कितीतरी लहान, पण पेशंट त्यांना तशी हाक मारतात म्हणून मीही मारते. थोडक्यात, दवाखान्यात सगळे एकमेकांचे नातेवाईक. बाहेरची काय ती मी, मॅडम. आणि नातेवाइकांना मेमो देता येत नाही.

बी.डी.एस.च्या पाच वर्षांत आम्ही काय काय केलं! पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरले. दाढेच्या कुठल्या उंचवट्यावरून खाच कुठे उतरते ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगू शकू. प्रॅक्टिस मॅनेजमेंट नावाचा एक धडाही होता. तो परीक्षेच्या आदल्या रात्री, जागरण परवडलं तर वाचायचा. त्यात असिस्टंटने भर प्रोसिजरमध्ये खरं बोलू नये म्हणून काय करावं, हे नव्हतं.

दादा खोटारडा असता तर माझा संसार सुखाचा झाला असता. पण तो कमालीचा प्रामाणिक. रूट कॅनालच्या फायलींचे, म्हणजे दाताच्या मुळातली नळी घासायच्या बारीक सुयांचे, रंग जगभर ठरलेले असतात: १५ नंबर पांढरी, २० पिवळी, २५ लाल, ३० निळी, ३५ हिरवी, ४० काळी. दादाला ते पाढ्यासारखे पाठ. एकदा खुर्चीत एक निवृत्त काका होते, आधीच पांढरेफटक. मी गोड आवाजात म्हटलं, "दादा, ती लाल द्या ना जरा."

"लाल कालच तुटली की मॅडम."

काकांचे डोळे विस्फारले. वास्तविक ती फाईल वापरून झिजली होती आणि पुन्हा कुणी उचलू नये म्हणून दादानेच ती वाकवून मोडून टाकून दिली होती. पण हे सगळं मास्कच्या आडून, एका हातात आरसा आणि दुसऱ्यात दात कोरायचं टर्बाइन धरून, ज्याच्या तोंडात माझी दोन बोटं आहेत त्याला कसं सांगणार? मी म्हटलं, "म्हणजे डब्यात तुटली, काका. टाकून देताना." काका म्हणाले, "आं?" तेवढ्यात दादाला त्यांची दया आली. त्याने खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "काळजी करू नका काका, त्या पेशंटला काय झालं नाही."

त्यानंतर मी सांकेतिक भाषा काढली. एखादी वस्तू संपली असेल तर "संपली" म्हणायचं नाही, "आतल्या कपाटात आहे" म्हणायचं. याचा अर्थ, दुकानातून आणावी लागेल, तोवर कापसाचा बोळा ठेवून गप्पा मारा. "लॅबचा फोन आहे" म्हणजे बाहेर कुणीतरी चिडलंय. आणि ताईंनी दारातून डोकावून "मॅडम, चहा सांगू का?" विचारलं की समजायचं, खुर्चीतल्या पेशंटची मागची बाकी आहे. ही व्यवस्था काही काळ झकास चालली. मग एकदा दादा म्हणाला, "मॅडम, सिमेंट आतल्या कपाटात आहे," आणि फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या, "आतल्या कपाटात कायबी न्हाई. सकाळीच पुसलंय म्या." उरलेली अब्रू एका मास्तरांनी घेतली. चौथ्या सिटिंगला ताईंनी डोकावून चहाचं विचारलं, तशी मास्तरांनी शांतपणे चूळ भरली आणि म्हणाले, "चहा नको. मागचे पैसे आज आणलेत मी."

ताईंच्या हातात अपॉइंटमेंटची डायरी आहे, म्हणजे माझं आयुष्यच. अकरा वाजताच्या ओळीत तीन नावं असतात. फोनवर सगळ्यांना "लगेच या," आणि आल्यावर सगळ्यांना "पाचच मिनिटं." मी एकदा समजावलं, की एका रूट कॅनालला पाऊण तास धरा, पाऊण तासात दुसरं नाव घालू नका. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बरोबर आहे मॅडम. पण नाही म्हटलं की माणूस दुसरीकडे जातो. बसवला की बसतो." या वाक्यावर काय बोलणार?

बरं, रागवावं तर दवाखाना त्यांच्या जिभेवर चाललाय. मी पेशंटला मेटल सिरॅमिक आणि झिर्कोनियाच्या कॅपमधला फरक जबड्याचं मॉडेल हातात घेऊन सांगते. ताकद, रंग, हिरडीजवळ दिसणारी काळी कड, सगळं. पेशंट मान हलवतो, "घरी विचारून सांगतो" म्हणतो आणि बाहेर जाऊन ताईंना विचारतो. ताई म्हणतात, "एक साधी आहे, एक भारीतली आहे." पेशंट भारीतली घेतो. पुढचा पेशंट त्यांच्या आत्याच्या गावचा निघतो, आणि त्याला त्या परस्पर इतकी सूट देतात की आधी भारीतलीवर मिळालेलं साधीवर निघून जातं.

स्टाफ कसा सांभाळावा यावरचे व्हिडिओ मी रात्री बघते. त्यातला कोट घातलेला माणूस सांगतो, कौतुक चारचौघांत करा, चूक एकांतात सांगा. त्याचं ऑफिस मोठं असावं. माझ्याकडे एकांत म्हणजे पडद्यामागचा, ऑटोक्लेव्ह ठेवलेला कोपरा. तिथे १२१ अंश सेल्सिअस आणि १५ पौंड दाबाखाली हत्यारं निर्जंतुक होत असतात, आणि मी कितीही सांगितलं तरी मावशींचा जेवणाचा डबा झाकणावर गरम व्हायला ठेवलेला सापडतो. (त्यावर बोलायला जावं तर त्या डब्यात माझ्याही वाटणीची भाकरी असते.) तर या एकांतात मी दादाला रोजच्या उशिराबद्दल बोलायला नेलं. प्रस्तावना केली, कौतुक केलं, आवाज जरा खाली आणून मुद्द्यावर आले, आणि नेमकी तेव्हाच ऑटोक्लेव्हने वाफ सोडली. फुस्स आवाज संपला तेव्हा दादा मान डोलावत होता. "हो मॅडम. पाण्याचं बघतो मी."

उशिराचं कारण मला ठाऊक होतं. दादा पोलिस भरतीची तयारी करत होता. पहाटे मैदानावर १६०० मीटर, मग गोळाफेक, मग अभ्यासिका, आणि मग उरलेले पाय घेऊन माझ्याकडे. ज्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं, घरटी एक माणूस फौजेत असलेलं गाव आहे, तिथे एखाद्या पोराला "पळू नकोस, सक्शन धर" असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

व्हिडिओतल्या माणसाच्याच सल्ल्याने मी महिन्याची मीटिंगही सुरू केली. शनिवारी रात्री, शेवटचा पेशंट गेल्यावर. माझ्या कागदावर तीन विषय होते: वेळ, मोबाईल आणि कचऱ्याच्या पिशव्या. ताईंनी भेळ मागवली. भेळेसोबत चर्चेला आले: दिवाळीचा बोनस, वेटिंग रूममधला आवाज करणारा पंखा, आणि नवी चहा पावडर कडू लागते त्याचं काय. त्यानंतर रजांचा विषय निघाला आणि मी जी गप्प झाले ती झालेच.

आमच्या भागात चैत्र लागला की गावोगावच्या यात्रा सुरू होतात. दादाच्या गावची यात्रा, आईच्या माहेरची यात्रा, बहिणीच्या सासरची यात्रा. ताईंच्या तेवढ्याच, शिवाय नवऱ्याच्या आजोळची. मी कॅलेंडर काढलं आणि म्हटलं, एकाच वेळी दोघांनी रजा घ्यायची नाही, आलटून पालटून जा. मावशींनी भेळेचा कागद चुरगळला. "देवाला काय पाळीनं या म्हणायचं व्हय?"

ठराव असा झाला की दादाच्या गावच्या यात्रेला दवाखानाच बंद ठेवायचा आणि मॅडमनीही जेवायला यायचं. गेले. मांडवात मटणाच्या पंगती उठत होत्या, रस्सा असा की कपाळाला घाम. समोरच्या पंगतीत माझा एक पेशंट होता. आदल्याच दिवशी त्याच्या दाढेवर टेंपररी सिमेंट भरून मी त्या बाजूने काही चावू नका, मऊ खा, असं बजावलं होतं. त्याच बाजूने तो नळी फोडत होता. आमची नजरानजर झाली. त्याने नळी दुसऱ्या बाजूला घेतली.

मावशींबद्दल मी तक्रार करणार नाही. एक तर त्या खुर्चीच्या मागून सगळं ऐकतात, आणि दुसरं म्हणजे दवाखाना त्यांचाच आहे. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम आले तेव्हा मी तक्ता करून भिंतीला लावला: रक्ताचा कापूस पिवळ्यात, हातमोजे आणि प्लॅस्टिक लालमध्ये, सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. बारावी सायन्स झालेला दादा तक्त्याकडे बघून चुकायचा. मावशी तक्त्याकडे न बघता बरोबर टाकायच्या आणि वर त्याने टाकलेलं मोजे घालून, चिमट्याने काढून, दोन शब्द ऐकवायच्या. ते दोन शब्द पेशंटच्या देखत असायचे आणि अजिबात गोड नसायचे. गंमत म्हणजे पेशंटला त्याने धीर यायचा. इथे कुणीतरी लक्ष ठेवून आहे, असं वाटत असावं.

वरची दाढ काढायची म्हटलं की अजूनही निम्मी मंडळी विचारतात, "नजर कमी होत नाही ना?" मी सांगते, की दृष्टीची नस वेगळी, दातांची वेगळी, मेंदूतून निघणाऱ्या नसांमध्ये ती दुसरी, ही पाचवी, एकीचा दुसरीशी संबंध नाही. पेशंट ऐकतो आणि मावशींकडे बघतो. मावशी म्हणतात, "आवं, माझ्या वरच्या चार दाढा काढल्यात मॅडमनी. अजून सुईत दोरा ववती." मग पेशंट तोंड उघडतो. पाचवी नस तशीच हवेत.

अखेर दादा भरती झाला. कंदी पेढे घेऊन आला, माझ्या पाया पडला, ताई रडल्या, मावशींनी त्याची दृष्ट काढली. मी मनापासून हसत होते आणि मनातल्या मनात हिशेब करत होते, की नव्या माणसाला सहा रंग, दातांचं माप घ्यायच्या अल्जिनेटचं पावडर-पाण्याचं प्रमाण आणि उन्हाळ्यात गार पाणीच घ्यायचं, नाहीतर माप पेशंटच्या तोंडात जायच्या आधी वाडग्यातच बसतं, एवढं शिकवेपर्यंत दिवाळी येणार. खुर्चीतल्या बाईंनी तोंड उघडं ठेवूनच दादाचं अभिनंदन केलं.

नव्या माणसासाठी मी प्रश्नांची यादी केली. रक्त बघून काय वाटतं, गर्दीत डोकं शांत ठेवता येतं का, इथे किती दिवस राहायचा विचार आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी यादी घेऊन आले तर मावशींच्या आळीतली एक मुलगी दादाचा ॲप्रन घालून ट्रे लावत होती.

"मावशी, मुलाखत व्हायचीय अजून."

"मुलाखत कसली घेताय? म्हशीचं रेडकू आडवं आलं तवा हिनंच हात घालून सरळ केलं आन् वडलं. तुमचा दात केवढासा!"

मी यादी घडी करून खिशात ठेवली. निदान पगाराचं तरी आपण बोलावं म्हणून घसा खाकरला.

"त्ये म्या सांगितलंय," मावशी म्हणाल्या. "दादापेक्षा पाचशे जास्त. पोरीच्या जातीला रात्री उशीर हुतो, रिक्षाला लागत्यात."

मी ताईंना म्हटलं, तेवढं डायरीत लिहून ठेवा. त्यांनी आदल्या दिवशीच लिहिलं होतं.