विमान सड्यावर उतरतं, माणूस स्टँडवर कधी उतरणार?

गेल्या महिन्यात मुलाकडून हैदराबादहून परत आले, आमच्या सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावर. पंख्याचं छोटं विमान. खिडकीतून आधी समुद्र दिसला, मग कर्लीची खाडी, दोन्ही काठांवर माड, आणि मग एकदम उघडा सडा, म्हणजे कातळाचं पठार. चाकं टेकली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. लग्न होऊन मालवणात आले तेव्हा मुंबईहून रात्रभर एसटीने यावं लागायचं, सकाळी अंग आंबून गेलेलं असायचं. आज हैदराबादला मुलाच्या घरी चहा पिऊन निघालेली बाई जेवायला आपल्या घरी पोचू शकते. परुळे-चिपीच्या लोकांनी आपल्या जमिनी दिल्या म्हणून हे झालं. ९ ऑक्टोबर २०२१ ला पहिलं प्रवासी विमान उतरलं त्या दिवशी आमच्या गल्लीत लोक गच्चीवर उभे होते. हा विमानतळ मला माझा वाटतो, म्हणूनच पुढचं लिहितेय.

बॅगा लगेच मिळाल्या. मोठ्या विमानतळासारखी पायपीट नाही, दहा मिनिटांत बाहेर. बाहेर बहुतेकांचं कोणी ना कोणी न्यायला आलेलं होतं. भाऊ, जावई, हॉटेलची गाडी. मिठ्या मारल्या, डिक्या बंद झाल्या, गाड्या निघाल्या. पाच-सात मिनिटांत सगळं अंगण रिकामं. मग लक्षात आलं, चार-पाच माणसं तशीच उभी आहेत. कणकवलीला कामासाठी आलेला एक माणूस, त्याच्या खांद्याला लॅपटॉपची बॅग. एक बाई आणि तिची सात-आठ वर्षांची मुलगी. आणि एक तरुण जोडपं, नुकतं लग्न झालेलं असावं, मुलीच्या हातावर मेंदी अजून गडद होती. तिने मला विचारलं, 'आंटी, यहाँ से सिटी सेंटर कितना दूर है?'

मला उत्तर देता येईना. कारण आमच्याकडे सिटी नाही आणि सेंटरही नाही. सिंधुदुर्ग नावाचं शहर नाही, तो जिल्हा आहे. जिल्ह्याचं मुख्य ठिकाण ओरोस, पण तिथे कलेक्टर कचेरीत काम असलेला माणूस जातो, पाहुणा कशाला जाईल? मालवण म्हणाल तर भरड नाका, बाजारपेठ आणि बंदर. सावंतवाडी म्हणाल तर मोती तलावाचा काठ. कुडाळ वेगळं, वेंगुर्ला वेगळं. कोकणात गावाचं मधोमध म्हणजे एसटी स्टँड. तिथे उतरलात की रिक्षा मिळते, चहा मिळतो, कोणालाही विचारलं तरी रस्ता कळतो. म्हणून मी तिला म्हटलं, 'बेटा, स्टँड चाहिए आपको. मालवण का स्टँड.' ती म्हणाली, मग स्टँडला कसं जायचं?

त्या वेळी दारात एसटी नव्हती. मोबाईलवर बोलावली की येणारी टॅक्सी आमच्याकडे नाही. ती नवी नवरी फोनवर पुन्हा पुन्हा बघत होती, काहीच दाखवत नव्हतं. एक गाडी उभी होती, तिच्या ड्रायव्हरने मालवणचे बाराशे सांगितले. रस्ता अर्ध्या-पाऊण तासाचा. तिच्या नवऱ्याचा चेहरा पडला. पैसे नव्हते असं नाही, पण आपल्याला फसवताहेत अशी शंका आली की माणसाचा चेहरा जसा होतो तसा झाला. त्याला कोकणाचं पहिलं दर्शन हे झालं, याचं मला फार वाईट वाटलं.

मी त्या ड्रायव्हरला बाजूला घेऊन विचारलं, बाबा, एवढे कशाला? तो म्हणाला, 'वयनी, सकाळी साडेआठाक इलंय. विमान दहाक येवचा होता, इला बाराक. एवढ्यात मालवणात चार भाडी मारली असती. कधी येता, कधी रद्द होता, माका कोण सांगता? माका सांगा, किती मागू?'

हे ऐकल्यावर मी गप्प झाले. तो चोर नव्हता. विमानाची वाट बघण्याचा सगळा तोटा त्याच्या एकट्याच्या डोक्यावर होता, आणि तो त्याने समोरच्या पहिल्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावर ठेवला. पावसाळ्यात तर विचारूच नका. सड्यावर ढग उतरला की विमान येतं की नाही ते आभाळ ठरवतं. ड्रायव्हर सकाळी डिझेल जाळून येतो आणि तसाच परत जातो. फेसबुकवर 'कोकणातले टॅक्सीवाले लुटतात' अशा पोस्ट मी वाचते तेव्हा मला हा माणूस आठवतो. लुटायला बसलेलेही असतील, नाही असं म्हणत नाही. पण बहुतेक जण हिशोब करतात, आणि त्यांचा हिशोब चुकीचा नसतो.

माझी आजेसासू आगबोटीच्या गोष्टी सांगायची. मालवणच्या बंदरात पाण्याखाली खडक फार, म्हणून मुंबईहून येणारी आगबोट लांब उभी राहायची. भोंगा झाला की किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे माणसं-सामान वाहणाऱ्या होड्या, निघायचे. बायका-मुलं, ट्रंका, पिशव्या, सगळं पडावात उतरवायचे आणि धक्क्यावर आणून सोडायचे. बोट कितीही उशिरा येवो, रात्री-अपरात्री येवो, पडाव जायचाच. आजी सांगायची, 'बोट लागली म्हणजे पोचलो असा नाय गो. पडावातून पाय उतरलो की पोचलो.' पुढे कोकण रेल्वे आली, २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्ग सुरू झाला. तिथेही स्टेशनं गावापासून लांब. सावंतवाडीचं लांब, रत्नागिरीचं लांब. पण हळूहळू सोय लागली. हल्ली सकाळी कोकणकन्या गाडी यायच्या वेळेला कुडाळ स्टेशनबाहेर रिक्षांची रांग असते. रत्नागिरीत स्टेशन ते स्टँड शहरी एसटी आहे. आगबोटीला पडाव होता, रेल्वेला रिक्षा आणि एसटी मिळाली. विमानाचा पडाव कुठे आहे, एवढंच मी विचारतेय.

आणि हा पडाव कसा चालवायचा हे शिकायला आपल्याला कुठेही जायला नको. मालवणच्या जेटीवर या. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बघा. तिकिटाची खिडकी आहे, दर ठरलेला आहे, होडीवाल्यांची संघटना आहे आणि होडी नंबरप्रमाणे लागते. पुण्याचा माणूस आला काय, बेंगळुरूचा आला काय, दर तोच. कोणी कोणाचं गिऱ्हाईक ओढत नाही. ज्याचा नंबर आज लागला नाही त्याचा उद्या लागतो. ही पद्धत आमच्याच माणसांनी आमच्याच बंदरावर बसवली. तीच सड्यावर का नाही? दारात एक फळा असावा: मालवण इतके, तारकर्ली-देवबाग इतके, कुडाळ स्टेशन इतके, वेंगुर्ला इतके, सावंतवाडी इतके. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत. विमानाच्या वेळेला नंबरातल्या गाड्यांनी उभं राहावं, आणि विमान रद्द झालं तर त्या दिवशी नंबर लागलेल्याला पुढच्या विमानाचा पहिला नंबर द्यावा. दर ठरवताना वाट बघण्याचे पैसे धरूनच ठरवा, ड्रायव्हरचं पोट कापू नका. बाराशेच्या ऐवजी हजार झाले तरी चालतील, पण फळ्यावर लिहिलेले हजार आणि तोंडाने सांगितलेले हजार यांत पाहुण्याच्या मनाला फार फरक पडतो.

दुसरी गोष्ट एसटीची. हे मी बोलले की लोक म्हणतात, दिवसाला एखाद-दुसरं विमान, त्यातली दहा माणसं एसटीने जाणार, बस कशी परवडेल? बरोबर आहे, विमानतळासाठी वेगळी बस परवडणार नाही. मी वेगळी मागतच नाही. मालवण-परुळे-वेंगुर्ला रस्त्यावर एसटी धावतेच. परुळ्याची शाळेची मुलं, बाजाराला जाणाऱ्या बायका, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं तिच्यात असतातच. त्यातल्या एक-दोन फेऱ्यांची वेळ विमानाशी जुळवा आणि गाडी विमानतळाच्या दारातून फिरवून न्या. विमान नाही आलं तरी गाडी रिकामी धावणार नाही, कारण गावचे प्रवासी आहेतच. उशीर झाला तर पुढची गाडी दारातून जाईल याची खात्री असावी. बायकांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, ७५ च्या वरच्यांना प्रवास मोफत आहे. म्हणजे मुलाकडून विमानाने आलेल्या पंच्याहत्तरीच्या वरच्या आईला विमानतळापासून घरापर्यंत एक पैसा लागू नये, अशी व्यवस्था राज्याने आधीच केलेली आहे. फक्त गाडी दारापर्यंत वळली पाहिजे.

त्या दिवशी माझा पुतण्या गाडी घेऊन आला होता. मी त्या जोडप्याला आणि त्या मुलीला-आईला गाडीत घेतलं, बॅगा मांडीवर. आईला कुडाळ स्टेशनला जायचं होतं, पण ती म्हणाली मालवणच्या स्टँडवर सोडा, पुढे एसटीने जाते. कणकवलीवाल्याने ती बाराशेची गाडी घेतली, कुडाळपर्यंत जास्तीचे देऊन. कर्लीच्या पुलावर पुतण्याने गाडी थोडी हळू केली. भरतीची वेळ होती, खाडी काठोकाठ भरलेली, एक होडी उलट्या दिशेने चाललेली. मागच्या सीटवरची ती छोटी मुलगी काचेला नाक लावून बसली होती. नवऱ्यामुलाने तेवढ्या वेळात एकदाही फोन बघितला नाही. मगाशी पडलेला चेहरा तिथे सुटला.

इकडे येणाऱ्यांसाठी थोडं सांगते, कारण माझ्याकडे घरगुती राहायला येणारे पाहुणे दर आठवड्याला हेच विचारतात. तिकीट काढताना 'गोवा' एवढंच बघून काढू नका. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. तिकिटावर जीओआय म्हणजे दाबोळी, वास्कोजवळ. जीओएक्स म्हणजे मोपा, पेडणे तालुक्यात, आमच्या हद्दीला लागून, जानेवारी २०२३ पासून चालू. दोघांत दीड तासाचं अंतर आहे. मालवणला येणारा माणूस चुकून दाबोळीला उतरला की अर्धा गोवा ओलांडून येतो. माझ्याकडे असे पाहुणे आलेत, रात्री अकराला पोचलेत, मी परत चूल पेटवून सोलकढी-भात वाढलाय. सावंतवाडी, आंबोली, रेडी, शिरोडा यांना मोपा जवळ पडतं; सावंतवाडी-आंबोलीला बांद्यावरून वर यायचं. मालवण, तारकर्ली, देवबाग, निवती, भोगवे यांना चिपी. देवगड-विजयदुर्गाला दोन्हीकडून लांबच, त्यांनी रेल्वेचाही विचार करावा.

मोप्याहून बसने यायचं तर एक अडचण आहे. तिथून कदंबच्या, म्हणजे गोवा सरकारच्या, बस पणजी, मडगावकडे जातात, म्हणजे दक्षिणेला. आम्हाला यायचंय उत्तरेला. म्हणून बसवाला पाहुणा आधी पणजीकडे जातो आणि तिथून म्हापशावरून सावंतवाडी-कुडाळची गाडी पकडून त्याच रस्त्याने उलटा वर येतो. हद्द दोन राज्यांची आहे म्हणून असं होतं, पण पाहुण्याला हद्द दिसत नाही, त्याला फक्त वाया गेलेले दोन तास दिसतात. मोपा ते बांदा-सावंतवाडी स्टँड अशी सरळ बस दोन्ही राज्यांनी मिळून ठरवली तर दोघांचाही फायदा आहे.

तोपर्यंत एकच करा, जिथे राहणार आहात त्या घरच्या माणसाला निघायच्या आधी फोन करा. गाडी कोणाची, भाडं किती, विमानाला उशीर झाला तर वेगळे पैसे लागतील का, हे तीन प्रश्न आधीच विचारा. विमानतळाच्या दारात उभं राहून घासाघीस करणं दोघांनाही जड जातं.

१९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला. तेव्हापासून 'येवा, कोकण आपलोच आसा' हे आपण प्रत्येक बोर्डावर लिहितो. माझ्या घराच्या फाटकावरही लिहिलंय. आमच्याकडे पाहुण्याला आणायला वाडीच्या तिठ्यापर्यंत कोणीतरी जातंच. तो तिठा आता सड्यावर सरकलाय.

त्या जोडप्याने स्टँडवर उतरताना माझा नंबर घेतला. परवा मुलीचा मेसेज आला. तिचे आई-बाबा येणार आहेत, पुढच्या शुक्रवारी, वडील ७६ वर्षांचे. तिने विचारलंय, आंटी, आता बस सुरू झाली का?

अजून तिला उत्तर दिलेलं नाही. शुक्रवारी पुतण्याला पाठवणार आहे. गाडीत दोन जागा रिकाम्या असतील. त्या विमानाने कोणी मालवणकडे येणारं असेल, तर इथेच मेसेज करा, पैसे नकोत.