दौऱ्यातला मधला वेळ

माघ महिन्यात बँकेच्या शाखा-तपासणीच्या कामासाठी तीन दिवस रत्नागिरी आणि गुहागर असा दौरा झाला. परत आल्यावर कार्यालयात आणि घरीही विचारणा झाली, ‘मग, काही फिरणं झालं की नाही?’ आणि सवयीने माझ्या तोंडून उत्तर गेले, ‘छे, कामासाठी गेले होते.’ ते उत्तर मला नंतर टोचत राहिले. काम चोख झाले होते, पण त्या कामाच्या मधल्या वेळात मी जे पाहिले आणि जितकी शांत बसले, ते असे झटकून टाकण्याजोगे मुळीच नव्हते.

दुसऱ्या दिवशी रत्नागिरीतले काम सकाळीच आटोपून आरे-वारेच्या रस्त्याने जयगडला पोचलो. तिथून शास्त्री नदीच्या खाडीपलीकडे तवसाळला फेरीबोटीने दहा-पंधरा मिनिटांत जाता येते. गाडीसुद्धा बोटीवर चढते आणि खाडीच्या वरच्या अंगाने घालावा लागणारा मोठा वळसा वाचतो. आम्ही धक्क्यावर आलो तेव्हा बोट नुकतीच सुटली होती. एरवी अशा वेळी मी कागद काढून बसते. त्या दिवशी कागद गाडीत राहू दिले आणि धक्क्याच्या कडेला उभी राहिले. पाणी उतरत होते. काठाचा चिखल उघडा पडू लागला होता, त्यावर बगळे आपल्या कामाला लागले होते आणि दोन होड्या एका कुशीवर कलंडल्या होत्या. शेजारी टोपली घेऊन बसलेल्या मावशींना मी भरतीची वेळ विचारली. त्या म्हणाल्या, ‘आज अष्टमी ना ताई? आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, बाराला सुकती.’

हा हिशेब मी पूर्वी ऐकला होता, पण घड्याळ आणि पाणी एकाच वेळी समोर असताना तो पडताळून पाहण्याचा योग कधी आला नव्हता. तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, कारण चंद्राच्या गतीमुळे भरती रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. माझे सगळे आयुष्य आकडेमोडीत गेले आहे, आणि तरीही पंचांगातल्या एका आकड्यावरून समुद्राची वेळ सांगणारा इतका सुटसुटीत हिशेब पाहून मला जो आनंद झाला, तो शब्दांत नीट मांडता येत नाही. घड्याळात पावणेबारा झाले होते आणि पाणी खरोखरच तळाला आले होते.

गुहागरच्या शाखेत दुपारभर तारण सोन्याची पाकिटे, वजने आणि नोंदी जुळवण्याचे काम चालले. त्याविषयी इथे लिहिण्यासारखे काही नाही; सगळे जुळले. साडेपाचला तिजोरी बंद झाली आणि मी नारळी-पोफळींच्या वाडीतल्या पायवाटेने समुद्रावर गेले. गुहागरची ही रचना मला फार आवडते: पुढे रस्ता, रस्त्याला लागून घर, घरामागे वाडी आणि वाडीच्या टोकाला सुरूची झाडे ओलांडली की एकदम मोकळी पुळण. वाडीत शिंपण नुकतेच झाले होते, ओल्या मातीचा वास येत होता आणि कुठूनतरी आंब्याच्या मोहोराचाही. भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या मंद भरतीचे दिवस असल्यामुळे पाण्याला जोर नव्हता. सहाच्या सुमारास पाणी जिथवर यायचे तिथवर येऊन जणू थबकले होते. समोर सूर्य मावळतीला टेकला होता, डोक्यावर अर्धा चंद्र होता, आणि मधे मी एकटी बसले होते.

एकटी, हा शब्द मी मुद्दाम लिहिते. माझ्या वयाच्या बाईला घरात निवांतपणा मिळतो तोही कुणीतरी हाक मारीपर्यंतचा. सहलीला गेले तरी सोबत माणसे असतात, त्यांची जेवणे असतात, आणि काय काय पाहायचे राहिले याची मोजदाद असते. एका सहकाऱ्याने आपुलकीने सुचवले की पुढच्या वेळी दोन दिवसांची रजा जोडावी आणि सगळ्यांना घेऊन जावे. सगळ्यांना घेऊन मी जरूर जाईन, पण त्या सहलीने या तासाची भरपाई होणार नाही. दिवसभर नेटाने काम केल्यानंतर, काहीही पाहण्याचे बंधन नसताना, डोळ्यांसमोर जे येईल ते पाहण्यात जे समाधान आहे, ते ठरवून आखता येत नाही. वाटेत हेदवीची बामणघळ, समुद्रकाठच्या खडकातली ती अरुंद घळ, होती; तिथे आम्ही थांबलो नाही, आणि मला त्याची रुखरुख लागली नाही.

अलीकडे कार्यालयातून असा विचार पुढे येतो की अशा तपासण्या एका दिवसात जाऊन-येऊन उरकाव्यात, उरलेले पडद्यावर पाहावे. खर्चाचा मुद्दा मला समजतो. परंतु रात्रीचा प्रवास करून आलेला, थकलेला माणूस वजनकाट्यासमोर बसला तर त्याची नजर किती बारीक राहते, हे मी स्वतः अनुभवले आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी एका नोंदीतली तारखेची चूक मला पहिल्याच वाचनात दिसली. आदल्या संध्याकाळच्या त्या शांत तासाचा त्यात वाटा होता, असे मला मनापासून वाटते. म्हणून त्या वेळेला चोरलेला वेळ म्हणायला मी यापुढे तयार नाही.

आर्थिक वर्षअखेरीच्या आधी एकदा पुन्हा जायचे आहे. तारीख कळली तेव्हा मी आधी पंचांग उघडले. फाल्गुन शुद्ध त्रयोदशी. शिमग्याचे दिवस, गावागावांत पालख्या असतील. तेराची पाऊणपट पावणेदहा. सकाळी पावणेदहाला मी शाखेत असेन; रात्रीच्या पावणेदहाला मात्र समुद्रावर.