शेपूट पुढून कामून?

माऊस दोनशे दहा रुपयांचा. तो दुरुस्तीला नेणं हा मूर्खपणा होता, हे मला परभणीत आतापर्यंत तिघांनी सांगून झालंय. चौथ्याची गरज नाही.

शाळेची माहिती ऑनलाइन भरायची होती. निरोप दुपारी दोनला आला, ‘आज पाचपर्यंत, अन्यथा...’ अन्यथा काय, ते कधीच लिहीत नाहीत. आणि नेमका माऊस मेला. हा वायर गुंडाळणारा माऊस. वायरीच्या मधोमध एक चपटी डबी, दोन्हीकडून ओढलं की वायर बाहेर, जरा झटका दिला की सर्रकन आत. घेतला तेव्हा स्टाफरूममधल्या एकूण एकाने तो ओढून बघितला होता. गेला तो त्यातच, माझं ठाम मत आहे.

बसस्टँडजवळच्या मोबाईल दुकानातला पोरगा न बघताच म्हणाला, “फेका सर, नवा घ्या.” मी हट्टाला पेटलो. त्याने नाइलाजाने माऊस लावून बघितला, तर पोटातला लाल दिवा वायर हलवली की विझे, सोडली की लागे.

स्टुलावर एक काका आपला मोबाईल चार्जिंगला लावून बसले होते. पांढरी टोपी, मांडीवर थैली.

“काय आणलंय गुरुजी?”

मी गुरुजी आहे हे लोकांना कसं कळतं कोण जाणे.

“माऊस आहे काका.”

“म्हंजी?”

“उंदीर,” म्हणालो आणि तिथेच फसलो.

काकांनी तो तळहातावर घेतला. पालथा केला, सरळ केला, वास घेतल्यासारखा नाकाजवळ नेला. “तोंड कुणीकडं ह्याचं?”

“हे काय, बोटं ठेवायची तिकडे.”

“मंग शेपूट तोंडातून कामून निघालंय?”

दुकानात चार गिऱ्हाइकं होती, चारी वळली.

“तसंच असतं काका.”

“आसं कुटं आस्तंय? शेपूट जिकडं, ढुंगण तिकडं. गुरुजी, तुम्ही आजवर ह्येला उलटा धरायलाव. मंग बिघडंल न्हाई तर काय व्हईल?”

बी.एड. होऊन एकवीस वर्षं झाली. इतकं निरुत्तर मला तपासणीला आलेल्या साहेबानेसुद्धा केलं नव्हतं. रात्री चिडून नेटवर शोधलं. अमेरिकेत डग्लस एंगलबार्टच्या गटाने 1964 मध्ये पहिला माऊस केला, लाकडी, आणि त्याची वायर चक्क मागून, मनगटाकडून निघायची. हाताखाली यायला लागली म्हणून ती पुढे नेली. म्हणजे काकांचंच बरोबर. हे आता कुणाला सांगणार?

असो. पोरग्याने डबी उचकटली आणि आतली स्प्रिंग जिवंत असल्यासारखी उसळून काउंटरखाली गेली. चार बारीक तारांपैकी लाल तुटली होती. तिच्यातूनच माऊसला पाच व्होल्ट मिळतात. ओढून-गुंडाळून नेमकी डबीच्या तोंडाशी तुटलेली. “जोड देतो,” पोरगा म्हणाला, “पण जोड जाड होतो, मग डबीत बसत नाही. डबी काढावी लागंल.” ज्या डबीसाठी मी हा माऊस घेतला, ती डबी!

डाग देताना वायर ताणून धरायला माणूस पाहिजे. एक टोक माझ्याकडे आलं. अर्धी लाल तार चिकटली आणि लाईट गेली. पोरगा म्हणाला, “सोडू नका सर, निसटंल.” पंचवीस मिनिटं मी दोन बोटांत वायर धरून उभा. बाहेरून शाळेतली दोन पोरं गेली, “नमस्कार सर” म्हणाली, आणि पुढे जाऊन खिदळली. घाम डोळ्यात उतरत होता. काकांनी उठून आपल्या दस्तीने माझं कपाळ पुसलं. दस्तीला तंबाखूचा वास होता.

मजुरी दीडशे. माहिती भरायचं राहिलंच. पाच वाजून दहा मिनिटांनी निरोप आला, मुदत आठ दिवस वाढवली आहे.

पैसे मोजताना बघतो तर काकांनी काउंटरखालची स्प्रिंग हुडकून काढलेली. जमिनीवर उकिडवं बसून, अंगठ्याने दाबत दाबत, वेढ्यावर वेढा घालत त्यांनी ती डबीत बसवली. पोरग्याला जे जमलं नव्हतं ते. मग थैलीतून सुतळी काढून आत गुंडाळली.

“नातवाला व्हईल खेळाया. तुमाला न्हाई ना लागत?”

काय बोलणार? काकांनी सुतळी ओढली, झटका दिला. सर्रकन आत.